‘मी’चा फड : स्मृतिकथनाचे एकपात्री नाट्य आणि शिरूर-दौंडचा परिसर

१

मराठी रंगभूमीच्या इतिहासात एकपात्री नाट्याला मिळावयास हवे होते तितके स्थान अद्याप मिळालेले नाही. त्याचा उल्लेख होतो तो बहुधा विनोदी कथनाच्या ओघात. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे १९७९ साली लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासाहून अधिक व्यक्तिरेखा एका देहात नांदवून दाखविल्या. या प्रयोगांची लोकप्रियता निर्विवाद आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्यांच्या झगमगाटामुळे एकपात्री नाट्याचा दुसरा प्रवाह अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. या प्रवाहात नट अनेकांची सोंगे आणीत नाही. एकच व्यक्ती, आणि विशेषतः एकच स्त्री, प्रेक्षकांसमोर येते, आपल्या आयुष्याच्या आठवणी सांगू लागते आणि सांगता सांगता तिला स्वतःची ओळख पटत जाते. पहिल्या प्रवाहाचे कौतुक संख्येचे आहे. दुसऱ्याचे मर्म एका सर्वनामात आहे. ते सर्वनाम म्हणजे ‘मी’.

या दुसऱ्या प्रवाहाचा इतिहास हा वस्तुतः मराठीतील प्रथमपुरुषी एकवचनाच्या मालकीचा इतिहास आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ‘मी’ कोणी उच्चारावा, कोणी लिहावा आणि त्याचा धनी कोण, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. स्त्रीच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दीर्घ काळ तीन निरनिराळ्या माणसांकडे होती. ती एका ठिकाणी येण्याची प्रक्रिया म्हणजेच या नाट्यप्रकाराची घडण होय. तिचे टप्पे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांचा परिसर निवडला आहे. हे नाट्य येथेच जन्मले असा दावा मुळीच नाही. त्याच्या मागे असलेले सारे प्रश्न मात्र या एवढ्याशा मुलखात, एकमेकांपासून दिवसभराच्या वाटचालीच्या अंतरावर, मूर्त रूपात उभे असलेले दिसतात.

२

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड, अशी ही मांडणी आहे. शिरूर गावाला घोडनदीवरून ‘घोडनदी’ असेही म्हणतात; कंपनी सरकारच्या काळात तेथे लष्करी छावणी होती. दौंडला १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग फुटला आणि ते जंक्शन बनले. दोन्ही तालुक्यांत पूर्वी दुष्काळाची छाया असे. पुढे कालव्याच्या व नदीच्या पाण्यावर ऊस आला आणि पाटस येथे ‘भीमा’, न्हावरे येथे ‘घोडगंगा’ असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेकडे येणारा रस्ता भीमा ओलांडून केडगावाजवळ पुणे-सोलापूर मार्गाला जेथे छेदतो, त्या ठिकाणाचे नावच चौफुला. चार वाटा एकत्र येतात ती जागा, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. या मुलखात ‘फड’ हा शब्द दोन अर्थांनी रोज कानी पडतो. ऊसतोड चालू असते तो उसाचा फड, आणि तमाशाची मंडळी असते तोही फड. दोन्ही फड हंगामी. दोन्ही फडांतली माणसे घरदार पाठीवर टाकून फिरणारी. दोन्हींचा हिशोब उचल घेऊन सुरू होतो आणि पुष्कळदा ती फेडण्यातच संपतो. भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले, तो केवळ ध्वनिसाम्याचा अपघात नव्हे. माणसांचा जमाव, श्रम आणि चढाओढ यांची जागा हा त्यांतील समान गाभा आहे. कुस्तीचाही फड असतो आणि गप्पांचाही फड रंगतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा गाभा अधिक स्पष्ट होतो. पुढे ज्या एकपात्री नाटकाचा विचार करावयाचा आहे त्याच्या नावात हाच शब्द आहे.

३

पहिला टप्पा शिरूर तालुक्यातील पाबळ. येथे मस्तानीची कबर आहे. बाजीराव पेशवे १७४० साली एप्रिल महिन्यात रावेरखेडी येथे निवर्तले. त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. छत्रसालाची कन्या, नृत्यगायनात निपुण, पेशव्याची प्रिया, शनिवारवाड्यातील कलहाचे कारण, अशी तिची अनेक वर्णने आपल्याला परिचित आहेत. ही वर्णने पत्रांतून येतात, बखरींतून येतात, नंतरच्या कादंबऱ्यांतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून येतात. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर ती सर्व तृतीयपुरुषी आहेत. मस्तानी ‘ती’ आहे. क्वचित, दूषण देताना, तीही नाही, केवळ एक निर्देश आहे. जिच्या गाण्यासाठी तिची ख्याती होती तिचा गळा इतिहासाला ठाऊक आहे, पण त्या गळ्यातून निघालेला ‘मी’ इतिहासाच्या कागदांवर उमटलेला नाही.

हा मस्तानीवरील वैयक्तिक अन्याय एवढाच मुद्दा नाही. कलावंत स्त्रीच्या बाबतीत आपल्या लिखित परंपरेची ही रीतच होती. तिच्याविषयी बोलले जाई, तिच्याशीही बोलले जाई. तिने बोलण्याची वेळ येई तेव्हा शब्द दुसऱ्याने पुरविलेले असत. हा दुसरा टप्पा लावणीचा.

४

लावणीत स्त्रीचा ‘मी’ मुबलक आहे, किंबहुना शृंगारिक लावणीचा प्राणच तो आहे. विरहिणी बोलते, मानिनी बोलते, रुसलेली बोलते. परंतु हे बोल अनंत फंदी (१७४४–१८१९), राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांचे आहेत. उत्तर पेशवाईत ते पुष्कळदा नाच्या पोऱ्याच्या मुखातून श्रोत्यांपर्यंत जात. म्हणजे लिहिणारा पुरुष, उच्चारणारा पुरुष, ऐकणाराही बहुधा पुरुष, आणि मधला ‘मी’ तेवढा स्त्रीचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर तमाशाच्या बोर्डावर स्त्रिया मोठ्या प्रमाणावर आल्या. संगमनेरकडील पवळा हिवरगावकर ही त्यांतील आरंभीच्या कीर्तिमान कलावतींपैकी एक. पण तिच्याही मुखातील रचना मुख्यतः पठ्ठे बापूराव यांच्या होत्या. उच्चारणारी बदलली, लिहिणारा बदलला नाही.

ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत चालत आली. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव तमाशा-जगतात सुपरिचित आहे. तेथील बशीर मोमीन, अर्थात बी. के. मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांसाठी लावण्या, गौळणी आणि वगनाट्ये लिहिली. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. २०२१ साली ते निवर्तले. एका खेड्यातील मुसलमान लेखकाने गौळणीतील राधेच्या तोंडी ‘मी’ घालावा आणि तो ऐकून जत्रेतील सर्व जातींच्या श्रोत्यांनी डोलावे, हे मराठी लोकरंगभूमीचे सामर्थ्य आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या गौळणीत उभी असलेली जी स्त्री, तिचा स्वतःचा ‘मी’ कोठे होता?

चौफुल्याच्या कलाकेंद्रांत या प्रश्नाला निराळी धार येते. तमाशाचे दोन प्रमुख प्रकार: ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी. पहिल्यात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. तो जत्राजत्रांतून तंबू टाकीत फिरतो. दुसऱ्यात वग नाही. स्त्रियांच्या निरनिराळ्या पार्ट्या एका थिएटरात मुक्काम करतात आणि आपापल्या पाळीने, म्हणजे ‘बारी’ने, लावणी सादर करतात, बैठकीत फर्माइशीवर अदा करतात. पुण्यातील आर्यभूषण थिएटर हे या प्रकाराचे जुने केंद्र. दौंड तालुक्यातील चौफुला हे महामार्गावरील प्रसिद्ध केंद्र. संगीत बारीतील स्त्रिया बहुसंख्येने कोल्हाटी व तत्सम कलावंत समाजांतील. त्यांच्यात नाचणाऱ्या स्त्रीने लग्न न करण्याची रीत होती आणि घर तिच्या मिळकतीवर चाले. बैठकीत गाताना ती ज्या पुरुषाकडे पाहून ‘मी तुमची’ या भावाचे शब्द म्हणते, तो त्या क्षणी ते शब्द तिचेच मानतो. पैसे त्या मानण्याचेच असतात. अशा रीतीने उसना ‘मी’ हाच तिच्या व्यवसायाचा माल ठरतो. दिवसातून अनेक वेळा ‘मी’ म्हणणारी ही स्त्री स्वतःविषयी मात्र मूक राहते. पाबळचे मौन आणि चौफुल्याचा नाद यांतील अंतर वाटते तितके मोठे नाही.

५

चौफुल्यापासून थोड्याच अंतरावर केडगाव आहे, आणि केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन. रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. ते पुढील वर्षी पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली व विधवा गोळा केल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची वस्ती वसविली. तेथेच त्यांचा छापखाना चालला, तेथेच त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर सिद्धीस नेले आणि तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

१९०७ साली रमाबाईंनी आपल्या जीवनाची साक्ष प्रसिद्ध केली. वडिलांबरोबरची तीर्थाटने, पुराण सांगून पोट भरणारे कुटुंब, दुष्काळात एकामागून एक गेलेली आईवडील व बहीण, कलकत्त्यातील मानसन्मान, वैधव्य, इंग्लंडचा प्रवास आणि अखेरचे धर्मांतर, असा त्यातील स्मरणाचा क्रम आहे. त्यांच्या धर्मविषयक निष्कर्षांशी सहमत होण्याचा किंवा न होण्याचा प्रश्न येथे उपस्थित होत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते ‘साक्ष’ या प्रकाराचे स्वरूप. साक्ष म्हणजे केवळ आत्मचरित्र नव्हे. साक्ष समुदायासमोर द्यावयाची असते. साक्षीदार उभा राहतो, ‘मी पाहिले, माझ्यावर गुदरले’ असे म्हणतो, आणि त्या सांगण्याने तो स्वतः पूर्वीचा राहत नाही. उभे राहणारी एक व्यक्ती, समोर ऐकणारे, मध्ये स्मृती आणि शेवटी पालटलेला ‘मी’: एकपात्री स्मृतिनाट्याची सर्व अंगे येथे आहेत, नाही तो केवळ रंगमंच.

अर्थात ही साक्ष मूळ इंग्रजीत लिहिली गेली. ज्या स्त्रीने १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ मराठीत लिहिली तिला स्वतःचे अंतरंग उघडताना परभाषा जवळची वाटली, किंवा ज्या श्रोतृवर्गासमोर ती साक्ष द्यावयाची होती तो परभाषी होता, काहीही म्हटले तरी एक गोष्ट उरते. घरच्या श्रोत्यांसमोर उभे राहून ‘मी’ म्हणण्याची सोय विद्वान स्त्रीलाही सहज नव्हती. केडगावी ‘मी’ला लेखिका लाभली, पण तिच्या भाषेतला श्रोता लाभावयास अवकाश होता.

६

मराठीत एकट्याने उभे राहून बोलण्याच्या परंपरा कमी नव्हत्या. कीर्तनकार एकटाच आख्यान रंगवितो आणि त्यात सर्व पात्रांचे संवाद आपणच बोलतो. एकनाथांच्या भारुडात कवी वेड्याचा, आंधळ्याचा, संसाराला विटलेल्या बायकोचा ‘मी’ धारण करतो. परंतु तो ‘मी’ रूपकाचा आहे, त्याचे पर्यवसान उपदेशात होते. स्मृतीच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००). त्यांचे स्थान वैजापूर तालुक्यातील शिऊर; शिरूरशी असलेल्या नामसाम्यामुळे गल्लत होऊ नये. आत्मनिवेदनपर अभंगांत त्यांनी संसारातील जाच व गुरुकृपा यांची हकीकत सांगितली, आणि अंतकाळ जवळ आला तेव्हा पुत्र विठोबास आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची कथा कथन केली. आईने अपत्यास आपली गोष्ट सांगणे हा मराठी स्त्रीच्या आत्मकथनाचा एक जुना साचा आहे, हे यावरून ध्यानात येते. तो साचा पुढे पुन्हा भेटणार आहे.

आधुनिक काळात दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१), यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. ब्राउनिंगच्या एकभाषितांचा संस्कार त्यांवर आहे. नाट्यछटेत एकच व्यक्ती बोलते. समोरच्याचे प्रश्न आपण तिच्या उत्तरांवरून ताडावयाचे. मूक श्रोता हा नाट्याचा घटक होऊ शकतो, हा शोध मराठीस दिवाकरांमुळे लागला. परंतु नाट्यछटेतील वक्ता बहुधा नकळत स्वतःला उघडा पाडतो. त्याला स्वतःची ओळख पटत नाही. ती वाचकाला पटते, आणि त्यातूनच उपरोध जन्मतो. पु. लं.च्या ‘असा मी असामी’त ‘मी’ स्वतःकडे पाहून हसतो खरा, पण तो मध्यमवर्गीय कारकुनाचा ‘मी’ आहे. त्याला बोलण्याचा अधिकार कोणी नाकारलेला नव्हता. अधिकार नाकारलेल्या व्यक्तीने एकटीने रंगमंचावर उभे राहणे ही घटना अद्याप घडावयाची होती.

७

ती घडली १९८९ साली. पत्रकारितेतून रंगभूमीकडे आलेल्या सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि स्वतः सादर केला. सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) येथे गावकऱ्यांशी बोलावे तशा प्रेक्षकांशी बोलतात आणि आपले आयुष्य आठवतात. शाळा, शेणाचे मारे, जोतिबांची साथ, प्लेग, हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. नवे होते ते शीर्षकातले तीन शब्द, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

‘व्हय’ हा उत्तराचा शब्द आहे. त्याच्या आधी कोणीतरी काहीतरी विचारलेले असले पाहिजे. तो प्रश्न नाटकात कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो शतकभराच्या मौनातून आलेला आहे. ‘होय’ न म्हणता ‘व्हय’ म्हटल्याने बोलीची मातीही त्याला लागली. पुढे ‘मी सावित्रीबाई’ या वाक्यात क्रियापद नाही. ‘आहे’ही नाही, ‘होते’ही नाही. त्यामुळे ते काळातून सुटते. आणि ‘बाई’ हा आदरवाचक शब्द मराठीत इतरांनी लावावयाचा असतो. आपले नाव सांगताना स्त्री तो सहसा लावीत नाही. येथे ती लावते, कारण ते नाव लोकांनी घडविलेले आहे. याच ‘बाई’ शब्दाला मराठीत दोन टोके आहेत. शाळेतील मुले शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात. आणि ‘तमाशातली बाई’ म्हटले की त्याच शब्दावर दुसरीच सावली पडते. सुषमा देशपांडे यांनी आपल्या दोन महत्त्वाच्या एकपात्री नाटकांत या दोन्ही ‘बायां’ना ‘मी’ म्हणावयास लावले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

त्यांचे दुसरे नाटक १९९० नंतरच्या दशकातील: ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’. तमाशातील स्त्रियांच्या जीवनाचा प्रत्यक्ष अभ्यास करून ते रचले गेले. फडावर आयुष्य काढलेली स्त्री आपल्या लेकीच्या निमित्ताने मागे वळून पाहते आणि बोलू लागते. पुढे राजश्री सावंत-वाड यांनीही ते सादर केले. या नाटकाचे शीर्षक हेच त्याच्या मर्माचे सूत्र आहे. ‘तिच्या आईची गोष्ट’ हा पूर्वार्ध तृतीयपुरुषी: येथे आई ही कोणाची तरी आई आहे, तिची ओळख लेकीकडून येते आणि गोष्ट सांगणारा तिसराच कोणी असावा असे वाटते. ‘माझ्या आठवणींचा फड’ हा उत्तरार्ध प्रथमपुरुषी: येथे आठवणी ‘माझ्या’ आहेत आणि त्यांचा फड मांडणारीही मीच आहे. दोहोंच्या मध्ये ‘अर्थात’ हे अव्यय उभे आहे. ‘ती’ची ‘मी’ होण्याची सारी क्रिया त्या एका अव्ययात सामावली आहे. पाबळपासून येथपर्यंतचा जो प्रवास आपण पाहिला, तोच प्रवास हे शीर्षक एका श्वासात करते. बहिणाबाईंचा आई-अपत्य हा साचा येथे पुन्हा भेटतो. फरक इतकाच, की तेथे पूर्वजन्म आठवावे लागले, येथे एकाच जन्मात अनेक जन्म भोगलेले आहेत.

आणि ‘फड’. ज्या फडाची मालकी सहसा दुसऱ्याची असते, ज्या फडात ती उचल घेऊन नाचत आली, तो शब्द येथे आठवणींना लावला आहे. आठवणींच्या फडाची मालकीण ती स्वतः आहे.

८

स्मृतिकथन आणि मराठी व्याकरण यांचे नाते या ठिकाणी थोडे तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीतील प्रथमपुरुषी वाक्य बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. मराठीत ‘मी’ हे सर्वनाम लिंगनिरपेक्ष असले तरी क्रियापद तसे नाही. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांत बोलणारी व्यक्ती उघड होते. यामुळेच शाहिराला स्त्रीचा ‘मी’ लिहिताना क्रियापदापर्यंत सोंग न्यावे लागले. परंतु भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘मी गाणे म्हटले’, ‘मी माणसे पाहिली’, ‘मी लेक शिकवली’. या वाक्यांतून बोलणारी स्त्री की पुरुष हे कळत नाही. म्हणजे येणे, जाणे, बसणे, राहणे, रडणे या अकर्मक क्रियांत स्त्रीचे स्त्रीत्व भाषा नोंदविते. तिने काही केले की भाषा त्या केलेल्या गोष्टीकडे वळते आणि कर्तीचे लिंग सोडून देते. आत्मशोधाच्या कथनात बोलणारी ‘मी राहिले, मी सोसत आले’ येथून ‘मी ठरवले, मी नाकारले’ येथे पोहोचते, तेव्हा आशयाबरोबर वाक्याची जातही पालटते. हे पालटणे कानाला जाणवते, जरी प्रेक्षक त्याला व्याकरण म्हणत नसला तरी.

दुसरी गोष्ट काळाची. आठवण सांगताना मराठी माणूस रीतिभूतकाळ वापरतो: ‘आई पहाटे उठायची’, ‘आम्ही गावोगाव जायचो’. या रूपात दिवस एकमेकांत मिसळून जातात; कोणताच दिवस वेगळा नसतो. कष्टाच्या जीवनाची एकसुरी लय सांगण्यास हे रूप अत्यंत योग्य. मग एखाद्या ठिकाणी ‘आणि एक दिवस मी उठले’ असा साधा भूतकाळ येतो, आणि त्या क्षणी एक दिवस बाकीच्या दिवसांतून सुटा होतो. एकपात्री स्मृतिनाट्यातील नाट्य पुष्कळदा एवढ्यातच असते. तेथे दुसरे पात्र नाही, संघर्षाला प्रतिपक्ष नाही, प्रवेशबदल नाही. ‘-ायचे’ हे रूप जेथे तुटते, तेथे पडदा उघडतो.

तिसरी गोष्ट श्रोत्याची. असे नाटक ज्याला उद्देशून बोलले जाते तो प्रेक्षक असतो, आणि त्याला तटस्थ राहता येत नाही. बैठकीतील गिऱ्हाईक ज्या जागी बसत असे, त्याच जागी नाट्यगृहातील प्रेक्षक बसलेला आहे. समोर तीच स्त्री आहे. पण आता ती फर्माईश घेत नाही. दिवाकरांचा मूक श्रोता येथे सभागृहभर पसरतो आणि त्याच्या मौनावरही प्रश्न उमटतो.

९

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. या नाटकातील ‘मी’ तरी त्या स्त्रीचा आहे काय? लेखिका फडावर वाढलेली नाही, अभिनेत्रीही नाही. अनेकींच्या हकीकती ऐकून एक ‘मी’ रचलेला आहे. मग शाहिराने उसना दिलेला ‘मी’ आणि नाटककर्तीने रचलेला ‘मी’ यांत भेद तो कोणता?

भेद आहे, आणि तो दिशेचा आहे. शाहिराचा ‘मी’ वरून खाली येतो: कवी रचतो, स्त्री उच्चारते. नाटकाचा ‘मी’ खालून वर जातो: स्त्रिया सांगतात, लेखिका ऐकते, मग रचते. शिवाय ‘मी’ हा मुळातच फिरता शब्द आहे. तो ज्याच्या मुखी येतो त्याचा होतो, हे यस्पर्सनपासून भाषाशास्त्र सांगत आले आहे. एका नटीने दुसरीचा ‘मी’ उच्चारणे हा रंगभूमीचा धर्मच होय. तरीही आक्षेपाचा काही भाग शिल्लक राहतो, तो मान्य केला पाहिजे. ऐकून रचलेली साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यात निवड असते, आणि निवड करणारा हात सांगणारीचा नसतो.

म्हणूनच या नाटकाशेजारी त्याच दशकातील दुसरी एक कृती ठेवून पाहावी. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ प्रसिद्ध झाले. लेखक तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा. शिकून डॉक्टर झालेला. २००७ साली अपघातात गेला. त्याने नावाच्या मध्यभागी, जेथे रीतीने बापाचे नाव येते तेथे, आईचे नाव लिहिले. मुलाने आईची गोष्ट सांगितली ती आपल्या ‘मी’तून, नाटकात आई लेकीसाठी सांगते ती तिच्या ‘मी’तून. एकाच घराच्या दोन खिडक्या. मुलाच्या कथनात आईविषयी प्रेमाबरोबर तक्रारही आहे, आणि ती तक्रार वाचल्यावर आईचे स्वतःचे म्हणणे ऐकण्याची निकड अधिकच तीव्र होते.

त्यानंतरचे पाऊल एकविसाव्या शतकात पडले. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ साली आले. थिएटरांतील कलावतींच्या सहवासातून ते लिहिले गेले. सावित्री मेधातुल यांच्या साथीने त्या विषयाचे जे रंगमंचीय सादरीकरण झाले, त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या पारंपरिक लावणी-कलावती स्वतः उभ्या राहिल्या. येथे गाणे आणि गाण्यामागची गोष्ट एकाच रंगमंचावर आली, आणि गाणारीला ते गाणे जगलेली स्त्री म्हणून पाहता आले. लिहिणे, उच्चारणे आणि मालकी या तीन गोष्टींतील अंतर याहून कमी होण्यास आता एकच पायरी उरते.

१०

प्रस्तुत विवेचनाचा सारांश असा. एकट्या स्त्रीच्या स्मृतिकथनाचे नाट्य ही केवळ परकीय प्रभावाची किंवा अल्पखर्ची प्रयोगाची निष्पत्ती नव्हे. कीर्तन, भारूड, आत्मनिवेदनपर अभंग, लावणी आणि साक्ष यांतून जो ‘मी’ विखुरलेला होता, तो या नाट्यात एकत्र आला. पाबळला तो नाही. कवठे येमाईच्या रचनांत तो शाहिराचा आहे. चौफुल्याच्या बैठकीत तो उसना आहे. केडगावच्या साक्षीत तो स्वतःचा आहे, पण परभाषेत आहे. ‘माझ्या आठवणींचा फड’ मध्ये तो मराठीत, मराठी श्रोत्यांसमोर, फडावरील स्त्रीचा म्हणून उभा राहतो; रचणारा हात तेवढा दुसरीचा.

या निष्कर्षाचा विद्यापीठीय कार्याशीही संबंध आहे. आपण लावण्यांच्या संहिता जमविल्या, शाहिरांची चरित्रे लिहिली, वगांची सूची केली. हे सर्व आवश्यक होते. परंतु त्या संहिता ज्यांच्या गळ्यांनी जिवंत ठेवल्या, त्या स्त्रियांचे स्वतःविषयीचे बोलणे, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या रीतिभूतकाळासह आणि त्यांच्या मौनांसह, नोंदविण्याचे काम त्या मानाने फारच थोडे झाले. थकलेल्या कलावतींची पिढी झपाट्याने ओसरत आहे. त्यांच्याबरोबर केवळ चाली आणि अदा जात नाहीत. एक संपूर्ण प्रथमपुरुष जातो. चौफुल्याच्या चार वाटांपैकी एक वाट आपल्या विद्यापीठाकडेही येते. तिच्यावरून हाती कोरी वही घेऊन, कोणतीही फर्माईश न करता, ऐकण्यासाठी जाणारा अभ्यासक हवा आहे.